वरोरची न गळणारी गच्ची

"काका, राग मानू नका, पण हा तुमचा स्लॅब नाही, चाळण छे," हार्दिक म्हणाला आणि त्याने हातातली लोखंडी सळई गच्चीवर ठक् करून आपटली. आतून पोकळ आवाज आला. नारू मिस्त्रीला तो स्वतःच्या डोक्यातून आल्यासारखा वाटला. पुढे वरोरच्या बंदरावर ही गोष्ट तो ज्याला-त्याला सांगू लागला, तेव्हा इथं थांबून न चुकता म्हणायचा, "आणि खरं म्हणजे तिथूनच आला होता. तेव्हाच ऐकलं असतं तर पुढची शोभा झाली नसती."

हार्दिक डहाणूचा, घरची बोली गुजराती. गच्च्या, कठडे, टाक्या यांची गळती थांबवायची कामं घेणारा. चिंचणीपासून उंबरगावपर्यंत त्याची मोटरसायकल फिरत असते. २०१६ सालच्या त्या मे महिन्यात त्याला बोलावलं होतं नारूच्या बायकोनं, चंद्रावतीनं, आणि तेही नवऱ्याला न विचारता. तिचं कारण साधं होतं. चंद्रावती डहाणूच्या बाजारात सुकी मासळी विकायला बसते. आठ महिने बोंबील वाळवायचे, गोणीत भरून घरातल्या आतल्या खोलीत रचायचे, आणि पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर चढल्या, ताजी मासळी दिसेनाशी झाली, की एकेक गोणी बाहेर काढायची. चार महिने घर त्या गोणींवर चालतं. आदल्या वर्षी जुलैत नेमका त्याच खोलीचा स्लॅब गळला आणि अकरा गोणींना बुरशी धरली. चंद्रावतीनं घरामागे खड्डा खणून ते बोंबील स्वतःच्या हातांनी पुरले. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि नारूलाही जेवणाचं विचारलं नाही.

म्हणून हार्दिक. पण नारूला तो गच्चीवर दिसला आणि त्याचं माथं फिरलं. का फिरलं तेही सांगितलं पाहिजे. नारूनं उभा जन्म लाकडी होड्यांच्या फटी भरण्यात घालवला होता. दोन फळ्यांमधल्या फटीत सूत ठासायचं, वर राळ आणि तेलाचा लगदा दाबायचा, आणि सगळ्यावरून मुशीच्या काळजाचं तेल चोपडायचं. मुशी म्हणजे आपला छोटा शार्क मासा. त्या तेलाचा वास एकदा अंगाला लागला की तीन आंघोळीत जात नाही. एक काळ असा होता की नारूचा हात लागल्याशिवाय वरोरची होडी पाण्यात जात नव्हती. मग फायबर आलं. होड्यांना फायबरची कातडी चढली, फटी संपल्या आणि नारूचा लाकडी हातोडा खुंटीला लागला. गावात आता त्याला कोणी बोलवायचं ते फक्त पत्त्यांच्या डावाला चौथा कमी पडला तर.

"बस इथं," नारू हार्दिकला म्हणाला. "वय किती तुझं?"

"अठ्ठावीस, काका."

"तुझ्या वयापेक्षा जास्त वर्षं मी पाणी अडवतोय. आणि कसलं पाणी? दर्याचं! खालून येतं, बाजूनं येतं, वरून येतं, वर धक्के मारतं. इथं काय आहे? नुसतं वरून पडणार. तेही चार महिने. आणि हा स्लॅब हलतो का? डोलतो का?"

"नाही, पण काका, लाकूड वेगळं ने सिमेंट वेगळं..."

"फट ती फट!" नारूनं निकाल दिला.

चंद्रावती जिन्यात उभी राहून हे ऐकत होती. ती म्हणाली, "ओ मिस्त्री, होडी बुडाली तर माणसं पोहून येतात. माझे बोंबील आता पोहत नाहीत."

"तुझा माझ्यावर विश्वास नाही?"

हा प्रश्न बायकोला विचारू नये, हे नारूला आता कळतं. तेव्हा चंद्रावतीनं पदर खोचला आणि म्हणाली, "करा बाबा. तुमचंच घर आहे."

हार्दिक सळई उचलून निघाला. पण पोरगा सरळ होता, जाता जाता फुकट सल्ला देऊन गेला. "काका, काम कोणीपण करा, पण पावसाच्या आधी टेस्ट करा. गच्चीचे पाणी जायचे दोन्ही पाइप बंद करायचे, चार बोटं पाणी भरायचं आणि चार दिवस तसंच ठेवायचं. खाली ओल आली नाही तर मी त्यानंतरच्या रविवारी येऊन तुमच्यासमोर कान पकडीन."

"ये तू रविवारी," नारू म्हणाला. "कान धुऊन ये."

दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर ठोकाठोक सुरू झाली. गोणी तात्पुरत्या ओटीवर प्लॅस्टिकखाली आल्या. नारूनं डहाणूहून सूत आणलं, राळ आणली, आणि मुशीचं तेल कुठून तरी दोन डबे पैदा केलं. स्लॅबची एकेक भेग छिन्नीनं मोकळी करून त्यानं तीत सूत ठासलं. साठीचा माणूस, कंबर कधीची गेलेली, पण त्या दहा दिवसांत कंबरेनं तक्रार केली नाही. होडीवर काम करताना जसा गुणगुणायचा तसा तो पुन्हा गुणगुणू लागला, आणि हे बघून चंद्रावती, खरं सांगायचं तर, दोनदा जिन्यातूनच मागे फिरली.

काम झालं तेव्हा नारूनं गच्चीची पूजा केली. होडी पाण्यात लोटताना करतात तशीच. होडीची पूजा नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर होते. गच्चीला नाळ कुठून आणायची? नारूनं विचार करून ठरवलं की दर्याकडचा कठडा ती नाळ. घराचं दार, ओटी, अंगण सगळं रस्त्याच्या बाजूला, म्हणजे बरोबर उलट्या अंगाला. पण वरोरात कुठलीही वस्तू दर्याकडे पाठ करून उभी राहिलेली नारूला चालत नव्हती. त्यानं दर्याकडच्या कठड्याला हळदकुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला. मग जाहीर केलं की आजपासून गच्चीवर कोणी चप्पल घालून चढायचं नाही.

"नावपण लिही एखादं," बाबल्या म्हणाला. बाबल्या हा नारूचा जुना सोबती, एकाच होडीवर दोघांची जवानी गेली. "आणि बंदर खात्याचा नंबर टाक. उद्या पकडली बिकडली तर!"

"हास, हास," नारू म्हणाला. "नाचता येईना त्याला अंगण वाकडं."

मग टेस्ट. पाणी जायचे दोन पाइप बंद करायचे होते. हार्दिकनं कापडाचा बोळा लावला असता आणि चार दिवसांनी उपटला असता. पण नारूच्या हातानं जन्मात तात्पुरतं काही बंद केलेलं नव्हतं. जे बंद करायचं ते बापजन्मात उघडू नये असं, हीच त्या हाताची शिकवण. त्यानं सुताचा पीळ राळेत बुडवला, पाइपात घातला आणि हातोड्यानं असा ठासला की तिसऱ्या घरात ताटल्या वाजल्या. सूत पाण्यानं फुगतं आणि फुगलं की आणखी घट्ट बसतं, होडीच्या फटींचं सगळं शास्त्रच ते. नारूला हे शास्त्र झोपेतही पाठ होतं. फक्त त्या दिवशी ते त्याला आठवलं नाही.

विहिरीची मोटर चालू झाली. चार बोटं पाणी झालं तेव्हा चंद्रावतीनं खालून आवाज दिला, "झालं का? बंद करू?"

"चार बोटं म्हणजे काय ग? पाय धुवायला?" नारू वरून ओरडला. "चालू दे!"

वीतभर झालं. दीड वीत झालं. पोटऱ्या बुडाल्या तेव्हा कुठं नारूचं समाधान झालं. खाली आतल्या खोलीत अख्खी आळी जमली होती आणि माना वर करून स्लॅबकडे बघत होती. थेंब नाही. संध्याकाळ झाली, सकाळ झाली. थेंब नाही. चंद्रावती स्टुलावर चढली, स्लॅबला पालथा हात लावला, मग गाल लावला. कोरडा ठणठणीत.

"बरं केलंत हो," ती म्हणाली. पस्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य नारूनं पहिल्यांदा ऐकलं.

"मग? आण की आता गोणी आत," तो म्हणाला.

"आणते. तुम्ही जा बंदरावर, सगळ्यांना सांगून या. तुम्हाला राहवत नाहीये, दिसतंय मला."

राहवत नव्हतंच. नारू सकाळभर बंदरावर होता. किनाऱ्यावर चढवलेल्या फायबरच्या होड्यांमध्ये उभा राहून, जो भेटेल त्याला त्यानं न गळणाऱ्या गच्चीची कथा ऐकवली. एकाला तर दोनदा ऐकवली, कारण पहिल्यांदा त्याचं लक्ष नव्हतं. दुपारी घरी आला तो आतल्या खोलीत बावीसच्या बावीस गोणी भिंतीला नीट रचून ठेवलेल्या. नारूचा ऊर भरून आला. बायकोनं आपलं चार महिन्यांचं घर त्याच्या हातच्या कामाखाली ठेवलं होतं. एवढा मोठा मान त्याला कोणी होडीवाल्यानंही दिला नव्हता.

पाचव्या दिवशी खरं तर पाणी काढायचं. पण रविवार यायचा होता, हार्दिकनं कान पकडायचे होते, आणि ते बघायला नारूनं निम्म्या बंदराला आमंत्रण दिलं होतं. "राहू दे," तो म्हणाला. "खातंय का पाणी?" अति तेथे माती म्हणतात, इथं माती नव्हती, एवढंच.

आधी आले बगळे. मुशीच्या तेलाचा वास, वर पाणी, म्हणजे इथं मासा असणारच, हे त्यांचं गणित काही चुकीचं नव्हतं. त्यांच्या मागोमाग कावळे, घारी, आणि कठड्यावर रांगेनं आळीतली सगळी मांजरं. गच्चीवर मासा नाही हे पाखरांच्या ध्यानात यायला अर्धा दिवस लागला. मग त्यांनी खाली बघितलं. शेजारच्या अंगणात हिरीनं बारीक कोळंबीचा जवळा वाळत घातला होता.

हिरी काठी घेऊन दिवसभर नाचली. संध्याकाळी ती कंबरेवर हात ठेवून नारूच्या अंगणात उभी राहिली. "नारूभाऊ, अर्धा जवळा नेला तुझ्या पाहुण्यांनी! गच्ची आहे का खाडी?"

"रविवारपर्यंत कळ काढ ग."

"मी काढते. माझा जवळा काढेल का?"

हिरीनं कळ काढली नाही. शनिवारी सकाळी तिच्या सांगण्यावरून आरोग्य उपकेंद्रातल्या निर्मला सिस्टर दारात हजर झाल्या. तलासरीच्या माणूस, बोलायला मऊ, पण डासांच्या बाबतीत देवालाही न सोडणाऱ्या. त्या चप्पल काढून गच्चीवर चढल्या, कठड्याच्या कोपऱ्यात पाला साचला होता तिथलं पाणी त्यांनी वाटीत घेतलं आणि नारूच्या नाकासमोर धरलं. वाटीत काहीतरी वळवळत होतं.

"काका, या डासांच्या अळ्या आहेत."

"पण सिस्टर, खाली एक थेंब गळत नाही!" नारू अभिमानानं म्हणाला.

"तेच तर!" सिस्टर म्हणाल्या. "गळली असती तर मी आलेच नसते. आजच्या आज रिकामी करा. संध्याकाळी मी परत बघायला येणार."

नारू म्हणाला, काय मोठंसं, आत्ता बोळे काढतो. तो पाण्यात बसला आणि पाइपातलं सूत ओढू लागला. सूत हललं नाही. बाबल्याला बोलावलं, दोघांनी मिळून ओढलं. पकडीनं ओढलं. बाहेरून शिडी लावून पाइपात सळई घालून ठोकलं. सळई वाकली.

"कोणत्या गाढवानं ठासलंय हे?" बाबल्या घाम पुसत म्हणाला.

"मी," नारू म्हणाला.

"तरीच. तुझं काम वाईट नसतंच कधी."

मग उपसा सुरू झाला. होडीत पाणी भरलं की डब्यानं उपसतात, तसं नारू, बाबल्या आणि चंद्रावती पाणी उपसून रस्त्यावर फेकू लागले. तासाभरानं बघितलं तर पाणी एक बोट उतरलं होतं. आणि दहा दिवस गप्प बसलेल्या नारूच्या कंबरेनं नेमकं तेव्हा तोंड उघडलं. तो कठडा धरून वाकला तो वाकलेलाच.

"कठड्याची एक वीट काढ," बाबल्या म्हणाला. "भसकन जाईल सगळं."

नारूनं त्याच्याकडे असं बघितलं, जसं त्यानं पोटच्या पोराचा हात तोडायला सांगितलं होतं. "बाजू फोडून पाणी काढतात का होडीचं? बाजू फुटली की होडी मेली!"

"अरे बाबा, ही होडी नाही!"

"बुडाला भोक पाडू. होडीच्या बुडाला बूच असतं की नाही? किनाऱ्याला लावली की बूच काढायचं, पाणी वाळूत. तसंच. ओटीवरच्या स्लॅबला भोक पाडतो. ओटी उघडी आहे, पाणी अंगणात जाईल. मग मी ते असं बुजवीन, की..."

"थांब," बाबल्याला एकदम काहीतरी सुचलं. "भोकबीक पाडू नको. मी आलोच." आणि तो तरातरा जिना उतरून बंदराकडे गेला.

थांबला असता तो नारू कसला? सूर्य कलत चालला होता, सिस्टर येणार होत्या. त्यानं घण आणि छिन्नी घेतली. चंद्रावती खाली गेली, ओटीवरची बाज हलवली, पाट हलवले, आणि अंगणात उभी राहून वर बघू लागली. आता ओटीचा मध्य म्हणजे कुठं? रस्त्याकडच्या कठड्यापासून चार पावलं. हे नारूला पक्कं ठाऊक होतं. पण होडीवरचं कुठलंही माप नाळेपासून घ्यायचं, हे त्याच्या पायांना त्याहून पक्कं ठाऊक होतं. तो सुकलेल्या हाराजवळ गेला, दर्याकडच्या कठड्याला पाठ टेकली, पाण्यातून मोजून चार पावलं चालला, आणि खाली वाकून त्यानं छिन्नी लावली.

बंदरावर सांगताना नारू इथं पुन्हा थांबतो. "माझी चूक एवढीच झाली," तो म्हणतो, "की डोकं घरी होतं आणि पाय होडीवर."

अर्धा-पाऊण तास तो ठोकत होता. प्रत्येक घावाला पाणी तोंडावर उडत होतं. खाली अंगणात चंद्रावतीला आवाज ऐकू येत होता, पण डोक्यावरून नव्हे, घराच्या पार मागून. "ओ मिस्त्री! ठोकताय कुठं?" ती ओरडली. नारूच्या कानांत पाणी गेलेलं होतं. "आलंच, आलंच!" तो ओरडला आणि शेवटचा घाव घातला.

छिन्नी हातातून सुटून खाली गेली आणि पाठोपाठ पाणी गुडगुड करत भोवरा होऊन निघालं. नारूचा चेहरा फुलला. काय सुंदर निघत होतं! कंबर धरत, एकेक पायरी मोजत तो खाली उतरला, आपलं कौतुक बघायला ओटीवर आला. ओटी कोरडी होती. अंगण कोरडं होतं. अंगणात चंद्रावती उभी होती आणि घराच्या आत बघत होती.

आतून आवाज येत होता.

नारू आतल्या खोलीत धावला. खोलीच्या मधोमध मनगटाएवढा पाण्याचा खांब स्लॅबपासून जमिनीपर्यंत उभा होता, आणि त्याचे तुषार बावीसच्या बावीस गोणींवर उडत होते. तळची रांग तर अर्धी बुडाली होती. नारूनं एक गोणी उचलली आणि दाराबाहेर फेकली, दुसरी उचलली, तिसरीला त्याची कंबर संपली. तो पाण्यातच मटकन बसला. आदल्या वर्षीचा तो खड्डा त्याला आठवला. तेव्हा स्लॅबवर खापर फोडता आलं होतं. आता काय म्हणणार? स्लॅब बिचारा सहा दिवस थेंब न सोडता उभा होता. नारू मिस्त्री, वरोरचा एक नंबरचा कारागीर, त्यानं स्वतःच्या हातानं बायकोच्या चार महिन्यांच्या घरात पाणी सोडलं होतं. त्याला रडू आलं, आणि त्यानं ते अडवलं नाही.

तेवढ्यात दारात बाबल्या आला. धापा टाकत होता आणि खांद्यावर लांबलचक रबरी पाइप होता. "नारू! हा बघ! होडीवरून आणला. एक टोक वर पाण्यात, एक टोक खाली अंगणात, तोंडानं एकदा ओढायचं, की आपोआप..." बोलता बोलता त्यानं खोलीच्या मधला खांब बघितला. पाइप त्यानं खाली ठेवला.

उभ्या जन्मात नारूनं पिंपातलं डिझेल असंच पाइपनं तोंडानं ओढून इंजिनात घातलं होतं. किती वेळा गिळलं होतं त्याची गणती नाही. आणि आज ते त्याला आठवलं नव्हतं! तो बाबल्याला म्हणाला, "तो पाइप माझ्या गळ्याला बांध आणि मला दर्यात सोड."

"उठा आता," चंद्रावती म्हणाली. ती दारात येऊन उभी होती. आवाज रागाचा नव्हता, आणि त्यानंच नारू जास्त घाबरला.

"चंद्रे, मला माफ कर. एखादी तरी वाचते का बघतो. वरच्या रांगेतली..." त्यानं जवळची एक गोणी ओढली, दातांनी सुतळी तोडली आणि आत हात घातला. हाताला बोंबील लागले नाहीत. मऊ, कोरडंसं काहीतरी लागलं. त्यानं मूठ बाहेर काढली तर पेंढा. पुन्हा हात घातला, पुन्हा पेंढा. तिसऱ्यांदा हाताला गोल काहीतरी लागलं. त्यानं ते उजेडात धरलं.

चिकू होता. पिकून लगदा झालेला.

नारूनं चिकूकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, परत चिकूकडे बघितलं. त्यानं दुसरी गोणी फोडली. पेंढा.

"बोंबील कुठायत?"

"घोलवडला. रुपलकडे," चंद्रावती म्हणाली. रुपल ही त्यांची मुलगी, तिचा नवरा तिथल्या चिकूवाडीतून माल भरतो. "तुम्ही बंदरावर गेलात ना त्या दिवशी, तेव्हा जावयांचा टेम्पो बोलावला. बोंबील तिकडे धाडले, आणि चिकूच्या पेट्यांतला पेंढा या गोणींत भरला. जावई रोज फोन करतात, आई, चिकूला बोंबलाचा वास लागायला लागला म्हणून."

"आणि मला वास आला नाही?"

"तुमच्या नाकात मुशीचं तेल बसलंय दोन आठवडे. तुम्हाला कसला वास येतोय!"

बाबल्या तोंडावर हात ठेवून हळूच बाहेर सटकला. बाहेरून त्याच्या हसण्याचा आवाज आला आणि मागोमाग हिरीचाही. नारू पाण्यात बसून होता. बोंबील वाचले याचा आनंद एवढा होता की पुन्हा रडू येत होतं, आणि आपला असा मामा केला याचा रागही तेवढाच होता. शेवटी राग वर आला.

"म्हणजे तू स्लॅबला गाल लावलास, बरं केलंत म्हणालीस, ते सगळं नाटक? माझ्या कामावर एवढासुद्धा विश्वास नव्हता? मग आधीच सांगायचं तोंडावर, नारू, तुझ्यानं होणार नाही! त्या हार्दिकलाच द्यायचं काम!"

चंद्रावती पाण्यात उतरली आणि त्याच्या शेजारी उकिडवी बसली. "दिलं असतं की. पण तुम्ही वर गुणगुणत होतात," ती म्हणाली. "किती वर्षांनी! मला बोंबील वाचवायचे होते, आणि तुम्हालापण. दोघांना एका खोलीत ठेवून नसतं जमलं."

बंदरावर सांगताना इथं तो बिडी पेटवतो.

पाणी ओसरायला अर्धा तास लागला. संध्याकाळी निर्मला सिस्टर आल्या, गच्चीवर चढल्या, पाणी नाही बघून म्हणाल्या, "छान केलंत हो काका, लगेच मनावर घेतलंत," आणि गेल्या. नारू तेव्हा आतल्या खोलीत उभा राहून वरच्या भोकाकडे बघत होता. भोकातून एक घार फिरताना दिसत होती.

"उद्या हार्दिक येतोय," तो पडेल आवाजात म्हणाला. "त्यालाच सांग बुजवायला. मी कान पकडतो त्याच्यासमोर."

"त्याला कशाला? तुम्हीच बुजवा. आणि चांगलं ठासा."

"आणि बोंबील? घोलवडलाच राहू देत यंदा."

"का म्हणून? मंगळवारी आणते परत. इथंच ठेवणार, याच खोलीत."

नारूला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. कानात अजून पाणी होतंच. "इथं? एवढं झाल्यावर? तुझा तर विश्वास नव्हता!"

"तेव्हा नव्हता. आता बघितलं की डोळ्यांनी," चंद्रावती केरसुणीनं पाणी लोटत म्हणाली. "दीड वीत पाणी, सहा दिवस, आणि थेंब नाही. जे काय आलं ते तुम्ही आणलंत. स्लॅबवर माझा पुरता भरवसा बसलाय. तुम्ही तेवढे पावसाळाभर वर चढू नका."